“बाबा, तुम्ही एकट्याच्या जोरावर नाही आलात”

पत्र

नमस्कार ताई,

मी कोपरखैरणेत राहतो. वय ५१. मूळ गाव पाटण तालुक्यात, डोंगरात. वडील मशीद बंदरला माथाडी होते. बाजार तुर्भ्याला आला तसे तेही इकडे आले. मी दहावी झाल्यावर १९९१ साली एक पत्र्याची पेटी घेऊन त्यांच्याकडे आलो. त्यांच्या जागी बदलीवर टोळीत जायचो, रात्रशाळेतून बारावी केली. पुढे पै पै जमवून एक टेम्पो घेतला, आज तीन आहेत. माथाडी वसाहतीतलं आमचं एवढंसं घर, त्यावर दोन मजले चढवले.

मुलीला बारावी कॉमर्सला ७९ टक्के मिळाले. मी म्हटलं बी.कॉम. कर, मग हिशेब सांभाळ. तर ती म्हणते बी.ए. करणार आणि समाजशास्त्र घेणार. मी म्हटलं, समाज कसा चालतो ते आम्हाला काय ठाऊक नाही? त्याला कॉलेज कशाला लागतं? बोलता बोलता वाद वाढला. मी सांगितलं की मी कुणाच्या मदतीशिवाय, एकट्याच्या जोरावर इथवर आलो. ज्याला करायचं असतं तो करतो, ज्याला नसतं तो समाजाच्या नावाने बोटं मोडतो. त्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही एकट्याच्या जोरावर नाही आलात. तुम्हाला तसं वाटतं फक्त.”

आठ दिवस झाले, मी तिच्याशी धड बोललेलो नाही. पत्नी घरीच असते, तिला तसं काही काम नसतं, ती मुलीच्या बाजूने. माझी धाकटी बहीण अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार होती. तिचं सतराव्या वर्षी लग्न झालं, आज गावी शेती बघते. तीसुद्धा फोनवर म्हणते, “शिकू दे की तिला.”

या विषयात नेमकं शिकवतात काय? आणि पुढे त्यावर पोट भरतं का?

— एक बाप, कोपरखैरणे

उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलीचं बोलणं तुम्हाला का लागलं हे मला समजतं. ज्या माणसाने पाठीवर गोण्या वाहून घर उभं केलं, त्याला पोटच्या मुलीने सांगावं की हे तुझं एकट्याचं नाही, हे सोपं नसतं. पण मी ठाण्याच्या एका कॉलेजात २६ वर्षं हाच विषय शिकवला आहे, म्हणून आधीच सांगते. तुम्ही विचारता या विषयात काय शिकवतात. तुमच्या पत्रात तो जवळजवळ सगळा आला आहे. बहुतेक गोष्टी तुम्हीच लिहिल्या आहेत, फक्त त्यांच्याकडे पाहायचं राहून गेलं.

तुमच्या बहिणीपासूनच सुरू करते, कारण माझी नजर तिथेच अडकली. तुम्ही दोघं एकाच आईची मुलं. तेच घर, तीच शाळा, तेवढीच जमीन. ती हुशार, असं तुम्हीच लिहिता. मग १९९१ साली पत्र्याची पेटी तुमच्या हातात आली आणि तिच्या हातात का नाही? जिद्द तिच्यात कमी होती का? तुम्ही तसं म्हणणार नाही, मला खात्री आहे. तुम्हाला मुंबईला धाडावं आणि तिचं लग्न उरकावं, हे तुमच्या वडिलांनी एका संध्याकाळी बसून शोधून काढलं नव्हतं. भावकीत सगळीकडे तसंच चाललं होतं. त्यांनी वेगळं केलं असतं तर त्यांना दहा जणांना उत्तरं द्यावी लागली असती. कुणी हुकूम केला नाही, कागदावर कुठे लिहिलेलं नाही, आणि तरी घरोघरी तेच घडतं. अशा गोष्टीला समाजशास्त्रात हाताने चाचपता येणाऱ्या वस्तूइतकंच खरं मानतात. एमिल दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकाने १८९५ साली या विषयाचे नियम मांडताना हेच पहिल्यांदा ठासून सांगितलं: समाजाचे रिवाज माणसाच्या बाहेर असतात, त्याच्या आधीपासून असतात, आणि त्याला वाकवतात. आपण त्यांच्या विरुद्ध जाईपर्यंत त्यांचा जोर कळत नाही.

आता तुमच्याकडे वळते.

तुम्ही मुंबईत आलात तेव्हा उतरलात कुठे? वडिलांकडे. वडील त्याआधी उतरले असतील ते गावकऱ्यांच्या गाळ्यात, जिथे एकेका खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीने झोपायची आणि गावच्याच कुणाच्या खानावळीत जेवायची. साताऱ्याच्या डोंगरपट्ट्यात शेती पावसावरची, तुकडे लहान, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष घाट उतरले. एकाने दुसऱ्याला आणलं, दुसऱ्याने भाच्याला. बाजारात ओझं उचलण्याचं काम एका मुलखाच्या माणसांकडे गेलं ते असं, ओळखीच्या साखळीने. तुम्ही बदलीवर टोळीत गेलात, कारण त्या टोळीत तुमच्या वडिलांना ओळखणारा मुकादम होता. मराठवाड्यातून त्याच दिवशी आलेला, तेवढ्याच ताकदीचा एखादा मुलगा त्या टोळीत शिरू शकला असता का? तुम्ही बाजार आतून पाहिला आहे, उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

आणि टोळीत गेल्यावर पैसे कसे मिळाले? याच्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आधी हमालाला व्यापारी देईल ती हमाली. आजारी पडला तर काही नाही, पाठ मोडली तर गावी परत. आज याच्या गाळ्यावर, उद्या त्याच्या, म्हणून मालक असा कुणी नाहीच, आणि मालक नाही म्हणून कायदाही लागू नाही. तुमच्याच पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना एकत्र केलं, वर्षानुवर्षं लढे झाले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्यातून माथाडी बोर्डं, म्हणजे या कामगारांची सरकारी मंडळं आली. व्यापाऱ्याने मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक टक्केवारी भरायची, आणि त्या लेव्हीतून कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, दवाखाना. रोज मालक बदलणाऱ्या मजुराला कायम कामगाराचे हक्क देता येतात, हे या कायद्याने करून दाखवलं. कोपरखैरणेत माथाड्यांची वसाहत उभी राहिली ती याच बळावर. तुम्ही दोन मजले चढवलेत, ते तुमच्या घामाचे. पण ज्याच्यावर चढवलेत, तो तळमजला कुणामुळे मिळाला?

मुलगी याला मदत म्हणते, तुम्ही मदत मानत नाही. मला वाटतं गाठ इथे आहे. कुणी तुमच्या हातात नोटा ठेवल्या नाहीत, म्हणून ती मदत तुम्हाला दिसत नाही. बोर्डाचा पगार वेळेवर येत होता, वडिलांच्या आजारपणात जमीन विकावी लागली नाही, म्हणून तुमची पै पै टेम्पोसाठी उरली. जी गोष्ट नीट चालते ती नजरेआड होते.

त्याच्याही खाली आणखी एक थर आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली, आणि नवं शहर वसवायला ९५ गावांतल्या जमिनी घेण्याचं ठरलं. आगरी-कोळी कुटुंबांची भातखाचरं, मिठागरं, खाडीची मासेमारी, सगळं त्यात आलं. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या लढ्यामुळे. तुम्ही कोपरखैरणे गावाजवळून रोज जात असाल. तिथल्या तुमच्या वयाच्या एखाद्या माणसाला विचारा, त्याच्या लहानपणी तुमच्या सेक्टरच्या जागी काय होतं. एकाच ठिकाणी तुमचं आयुष्य एका दिशेला वळलं आणि त्याचं दुसऱ्या. दोघांपैकी कुणीही ते एकट्याने ठरवलं नव्हतं.

अमेरिकेतला सी. राइट मिल्स नावाचा अभ्यासक १९५९ साली हेच एका हिशेबाने समजावतो. तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, तुम्हाला पटेल. लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव बघा, त्याचं कसब बघा. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेकाच्या स्वभावात कारण शोधून काही हाती लागणार नाही. आपल्याकडचं उदाहरण तर तुमच्या ओळखीत असेल. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यातल्या असंख्य घरांचं उत्पन्न कायमचं गेलं. तुमच्या गावातही एखादा गिरणीतून परत आलेला काका असेल, पुढे पारावर बसून राहिलेला. लोक त्याला काय म्हणायचे? आळशी, व्यसनी, नशिबाचा. अडीच लाख माणसं एकाच वर्षी आळशी झाली का, भाऊ?

मीही असंच म्हणत होते, हे मला सांगितलंच पाहिजे. मी नौपाड्यात वाढले. वडील कारकून, घरात दोन वर्तमानपत्रं, कपाटभर पुस्तकं, अर्ज कसा भरायचा हे सांगणारे वडिलांचे मित्र. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण वागळे इस्टेटजवळच्या चाळीतली. सातवीपर्यंत तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त. मग तिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला. ती शाळेत उशिरा यायला लागली, गृहपाठ नाही, दहावीला जेमतेम पास, आणि एकोणिसाव्या वर्षी तिच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातात पडली. मी आईला म्हणाले, “तिने अभ्यासच सोडला.” तिची आई बाहेर धुण्याभांड्याला जायची आणि दोन लहान भावांना सांभाळणं हिच्याकडे आलं होतं, ही गोष्ट मला माहीत होती. माहीत असून मी ती तिच्या गुणांशी कधी जोडली नाही. जोडायला शिकले ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्या दिवशी वर्गात मला तोंड वर करवेना. तुमच्या मुलीला तसं काहीतरी जोडता आलं आहे. तिने ते उद्धटपणे सांगितलं असेल, पण ते पुस्तकात वाचून आलेलं नाही, तिने घरातच पाहिलं आहे.

घरात पाहिलं म्हणते, म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नका. “पत्नी घरीच असते, तिला तसं काही काम नसतं.” केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली, कोण दिवसभरात कशावर किती मिनिटं घालवतं त्याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बाईची सरासरी रोज २८९ मिनिटं, पुरुषाची ८८. जवळजवळ पाच तास. पहाटे तुम्ही गाडीवर निघता तेव्हा तुमचा डबा भरलेला असतो, तीन ड्रायव्हरांचे फोन घरी आले तर निरोप कोण घेतं, रात्री सासऱ्यांच्या गोळ्या कोण बघायचं, हे तुमच्या ताळेबंदात कुठे लिहिता? “एकट्याच्या जोरावर” म्हणालात तेव्हा ती त्याच खोलीत होती. ती मुलीच्या बाजूने का गेली, याचं कारण कदाचित एवढंच असेल.

आता मुलीची बाजूही तपासते, कारण ती पूर्ण बरोबर नाही. तुमच्याबरोबर त्या टोळीत आणखीही पोरं होती. त्यांनाही तोच कायदा, तेच बोर्ड, तीच वसाहत. सगळ्यांचे टेम्पो झाले नाहीत. दिवसभर गोणी वाहून रात्रशाळेच्या बाकावर जागं राहणं, हे तुम्ही केलंत, आणि त्याचं श्रेय कुठल्याही कायद्याला जात नाही. समाज माणसाचं आयुष्य घडवतो म्हणजे त्याला कळसूत्री बाहुली करतो असं नव्हे. तो काही दारं उघडी ठेवतो, काही बंद करतो, आणि कुठली दारं कुणासाठी उघडी आहेत हे जन्माच्या वेळी बरंचसं ठरलेलं असतं. उघड्या दारातून चालत जावं मात्र स्वतःलाच लागतं. तिने विषय शिकायला घेतला की चांगली शिक्षिका तिला पहिल्या वर्षातच हे सांगेल. तोवर तुम्ही सांगा, पण ओरडून नको.

हा विषय बाहेरून आणलेला आहे असं वाटत असेल तर तेही तसं नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, आणि १९२४ पासून तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाढवला. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. त्याच्याही आधी, १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेब आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला आणि दाखवलं की जातीतच लग्न लावणं हा जातीचा कणा आहे, आणि तो ताठ ठेवायचा तर बाईच्या आयुष्यावर पहारा ठेवावा लागतो. तुमच्या बहिणीचं सतराव्या वर्षी लग्न का उरकलं, त्या प्रश्नाचा एक धागा तिथपर्यंत जातो. ‘घाटी’ हा शब्द तुम्हाला मुंबईत कुणी कसा मारला असेल, त्याचाही धागा आहे. या सगळ्याचा अभ्यास मराठी माणसांनीही केलेला आहे.

पोटाचं विचारलंत, ते रास्त आहे. नुसत्या बी.ए.वर आज सरळ नोकरी मिळत नाही. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पण नुसत्या बी.कॉम.चीही तीच गत आहे, हे तुम्ही वसाहतीत पाहत असाल. समाजशास्त्र घेऊन पुढे एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा करून शिकवता येतं. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन संस्था, रुग्णालयं, कंपन्यांचे सामाजिक विभाग इथे काम मिळतं. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हे शिकवते आणि कोपरखैरणेहून ती लांबही नाही. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. ग्राहकांच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या कंपन्यांना पाहणी करणारी, माणसांशी बोलू शकणारी मुलं लागतात. मात्र एक अट तिच्याकडून कबूल करून घ्या: संख्याशास्त्र आणि संगणकावरची आकडेमोड सोडायची नाही. कॉमर्सची मुलगी आहे, तिला जड जाणार नाही, आणि मुलाखती घेता येणं व आकडे वाचता येणं ही दोन्ही कसबं ज्याच्याकडे असतात तो या क्षेत्रात सहसा रिकामा बसत नाही. कॉलेज निवडताना एवढं विचारा की मुलांना वर्गाबाहेर नेऊन पाहणी करायला लावतात की नुसत्या नोट्स उतरवून देतात. नोट्सवाल्या कॉलेजात घालू नका. तिथे हा विषय मरतो.

हिशेबाला माणूस हवा ही तुमची गरजही खरी आहे. तिला आठवड्यातून दोन संध्याकाळी वह्या बघायला सांगा. त्याचे पैसे द्या, इतर कुणाला दिले असते तेवढेच.

आणि अबोला आजच सोडा. कसा सोडायचा तेही सांगते, कारण “चूक झाली” म्हणणं तुम्हाला जमणार नाही आणि तसं म्हणायची गरजही नाही. एखाद्या रात्री तिला बरोबर घेऊन बाजारात जा, गाड्या लागायच्या वेळेला, पहाटे चारच्या आत. टोळी गाडी कशी खाली करते ते तिला बघू दे. हूक गोणीत कुठे अडकवायचा म्हणजे पोतं फाटत नाही, पाठीवर घेताना मान कुठल्या बाजूला वळवायची, वाराईचा, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीचा हिशेब कसा होतो, हे तिला तुमच्याच तोंडून कळू दे. जुने मुकादम भेटले तर त्यांच्याशी ओळख करून द्या. तिच्याकडे वही असू दे. ती विचारेल ते सांगा, तुम्हाला अडचणीचं वाटलं तरी.

मग घरी येऊन चहा घेताना गावी बहिणीला फोन लावा, आणि फोन मुलीच्या हातात द्या. आत्याला तिने एकच गोष्ट विचारावी: दादाची पेटी भरली त्या दिवशी तू कुठे होतीस? तुम्ही तिथेच बसा आणि मधे बोलू नका. तुमच्या पत्नीलाही चहाचा कप घेऊन बाहेर बसायला सांगा, तिचा चहा त्या दिवशी तुम्ही करा.

प्रवेशाचे अर्ज भरायचे दिवस थोडेच उरले आहेत, तेव्हा हे याच आठवड्यात करा. बहीण काय म्हणाली ते मला कळवाल का? मला ते खरोखर ऐकायचं आहे.

तुमची,
ताई